सम तारखेची बाजू

२२ ऑक्टो. २००७, सोम.
आजपासून व्हॅन अमरावतीत, पुष्पाच्या साडीच्या दुकानासमोर, कडुनिंबाखाली. शिलाई मशीन दुरुस्तीचा फलक मागच्या काचेला बांधला. पुष्पानं स्वतः खुर्ची आणून दिली. म्हणाली, "नलू, हा रस्ता आपलाच समज. कोणी काही म्हटलं तर माह्यं नाव सांग." अकोल्याला आय.टी.आय.त दोन वर्षं एका खोलीत काढली आम्ही. ती शिवणकाम, मी मशीन. तेव्हाही माझ्यासाठी वॉर्डनशी तीच भांडायची.
गावोगाव फिरून आता भागत नाही. एका गावात एक मशीन, दुसऱ्यात तीही नाही. आता बायांना एक ठिकाण सांगता येईल. पाच मशीन झाल्या आज.

२३, मंगळ.
चहा घेऊन आले तर चाकाला जॅमर. ट्रॅफिकच्या हवालदार बाईंनी खांबावरचा बोर्ड दाखवला. काल दिवसभर त्याच्याच खाली बसले होते, वाचला नव्हता. दुकानाची बाजू सम तारखेला. समोरची, बँकेची, विषम तारखेला. आज तेवीस.
पुष्पाचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "नाव नाही वाचत आमी. तारीख वाचतो."
दंड भरला. पु. काउंटरवर होती, बाहेर आली नाही. गिऱ्हाईक असेल.

२५, गुरु.
बँकेच्या बाजूला. सुमनबाई दर्यापूरहून बसनं आल्या, मशीनचं डोकं गोणपाटात बांधून. अर्धा तास कडुनिंबाखाली उभ्या होत्या, मी रस्त्याच्या पलीकडे! मला दिसल्याच नाहीत. नवरा गेल्यावर सरकारी वाटपात मिळालेली मशीन, टाका सोडते. त्या भागात घराआड एक अशी मशीन आहे आणि घराआड एक अशी बाई.
म्हणाल्या, "बाई, जागा एकच ठेवा. मले वाचता येत नाई. झाड वळखता येते."
सम-विषम कसं सांगायचं त्यांना? एक दिवस झाडाखाली, एक दिवस झाडासमोर, एवढंच सांगितलं. मान हलवली त्यांनी. समजलं की नाही कोण जाणे.

२८, रवि.
दुपारी पु.कडे जेवायला. वांग्याची भाजी, भाकर, पाटोडी. तिच्या मुलीच्या मशीनला तेल घातलं, पट्टा बदलला. पु. विचारत होती, रोज किती बाया येतात, दिवाळीपर्यंत राहणार का, कोणत्या तारखेला कुठे. सगळं सांगितलं. हसली. "तुले तं नियम पाठ झाले." निघताना डबा भरून दिला. घरी वलगावला हे म्हणाले, मैत्रीण असावी तर अशी.

१ नोव्हें., गुरु.
व्हॅन उचलून नेली.
काल ३१, बँकेची बाजू. म्हणून आज झाडाखाली लावली. पण एकतीसही विषम आणि एकही विषम. लागोपाठ दोन दिवस एकच बाजू. माझ्या डोक्यात नुसतं आज इकडे, उद्या तिकडे. आत दोन बायांच्या मशीन होत्या. ऑटोनं मागे गेले, पोलिसांच्या आवारात व्हॅन उभी.
हवालदार बाई आधी रागावल्या, मग कागदावर काढून दाखवलं. गोलात एक तिरपी रेघ असली तर माणूस उतरवून लगेच निघायचं. फुली असली तर थांबायचंही नाही. चौकाच्या तोंडाशी बोर्ड नसला तरी लावायची नाही. शाळेत असं कोणी शिकवलं असतं तर.
निघताना म्हणाल्या, "आमी आपल्या मनानं नव्हतो आलो. फोन आला होता." कोणाचा, ते नाही सांगितलं.
पु.ला सांगितलं. "त्या बँकेतल्या कोणाचा असन," म्हणे.

२, शुक्र.
झाडाखाली. नऊ मशीन. दिवाळीची शिवणं हातात घेतलेल्या बाया, घाई सगळ्यांना. एकीनं इथंच बसून लेकराचा फ्रॉक पुरा केला. काल बँकवाल्यांना मनात फार शिव्या दिल्या.

५, सोम.
सकाळी दोन माणसं कडुनिंबाजवळच्या खांबावर नवा बोर्ड ठोकत होती. गोल, फुलीचा. हुकूम आहे, म्हणाले. बाकी त्यांना माहीत नाही.
ट्रॅफिकच्या कचेरीत गेले. बाबूनं फाइल माझ्याकडे फिरवली. दिवाळीपुरता तात्पुरता हुकूम, कायम करायचं का ते वीस तारखेला ठरणार. त्याखाली दुकानदारांचा अर्ज. "दुरुस्तीच्या गाडीपाशी गावाकडच्या बायकांची गर्दी होते, गिऱ्हाईक थांबत नाही."
सात सह्या. पहिली पुष्पाची. अर्ज तिच्याच अक्षरात. ते अक्षर मला खालची सही न बघता कळतं, दोन वर्षं गणिताच्या वह्या तिच्याच उतरवल्या मी.
तारीख २९ ऑक्टो.
घरी येऊन ही वही मागे उलटली. २८ ला काय लिहिलं ते वाचलं. पाटोडी.

६, मंगळ.
सम तारीख. उभं राहायला जागा नाही. व्हॅन वलगावलाच ठेवून बसनं गेले. दुकानात गर्दी, तरी पु. मला बघून मागच्या खोलीत आली. म्हणजे मी का आले ते तिला माहीत होतं.
मी अर्जाचं विचारलं. ती म्हणाली, घरात रोज बोलणं होतं, दुकानाचा बसस्टँड केला म्हणून नवरा चिडतो, बाकी दुकानदार त्याच्या कानाशी लागतात. मधल्या मधे तिची ओढाताण.
"मले सांगाचं होतं," मी म्हटलं.
"तोंडावर सांगता आलं नसतं नलू. तू रडली असती."
एक तारखेचा फोन कोणाचा, ते विचारलं. ती साडीची घडी घालायला लागली. घातलेलीच होती ती घडी.
"गावाकडच्या बायका लिवलं तू. तू कुठची?"
धामणगाव रेल्वेच्या पुढचं गाव तिचं. पावसाळ्यात हॉस्टेलवर परतायची तेव्हा चपला हातात असायच्या.  बाहेरून गिऱ्हाइकानं हाक मारली, पु. गेली.
रडले नाही. बसमध्येही नाही.

७, बुध.
बँकेच्या बाजूला. दुपारी सुमनबाई आणि एक म्हातारी झाडाखाली दिसल्या. मी हात करेपर्यंत पु. पायरीवर आली, त्यांच्याशी बोलली. दोघी स्टँडकडे निघाल्या. हातातली मशीन उघडी टाकून पळत गेले, चौकात गाठलं.
सुमनबाई म्हणाल्या, दुकानवाल्या बाईनं सांगितलं, दिवाळी झाल्यावर या.
आणि मी पंधरा पावलांवर, तिला दिसत असताना.
म्हाताऱ्या बाईची मशीन आधी केली.  सुई दोनदा पडली.

१२, सोम.
हवालदार बाईंना विचारलं, फुलीचा बोर्ड हटेल का. त्या म्हणाल्या, तुमीही अर्ज द्या, वीस तारखेच्या आत. पण त्या बाजूच्या एका तरी दुकानदाराची हरकत नाही म्हणून सही लागेल, नाही तर कोणी वाचणार नाही.

१५, गुरु.
अर्ज केला. एकवीस बाया. सुमनबाईंनी अंगठा दिला आणि विचारलं, "यानं झाड वापस भेटते का?" माहीत नाही म्हटलं.
दुकानं फिरले. पाच जणांनी सरळ नाही म्हटलं. एक म्हणाला, पुष्पाताईंनी केली तर मी करतो.

१६, शुक्र.
सम तारीख, व्हॅन वलगावलाच. दहाला दुकान उघडलं तेव्हा अर्ज पु.च्या काउंटरवर ठेवला, वर पेन. ती आत फोनवर होती. तिनं पाहिलं मला. मीही पाहिलं. 
संध्याकाळी बसला जाताना पलीकडून पाहिलं. काउंटरवर कागद नव्हता. पेन होतं.