टवका उडालेला दिवा

अहो कविराज,

ध्यानावरची तुमची नवी कविता मासिकात वाचली. पहाटे देवळात ध्यानाला बसलात आणि समोर अंगणात बर्फ पांघरलेला, टवका उडालेला दगडी दिवा दिसला म्हणे! आपल्या झेन देवळात तर सगळे भिंतीकडे तोंड करून बसतात. मग दिवा दिसला कुठून?

काल विधवा किकुएबाईंकडे चहाला गेले होते. त्यांच्या अंगणात तस्साच दिवा, तस्साच टवका.

"कधी हो फुटला?" मी सहज विचारलं.

बाई चहा ओतता ओतता थांबल्या.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. त्याचीही कविता कराल. तुम्ही पहाटे बाहेर पडलात की मीच उठून बसते, भिंतीकडे तोंड करून.

तुमची, अजून तरी,
फुमिनो