कंडालीची जुडी

९ गते, बैसाख

उद्या मारामारी! सकाळपासून हात शिवशिवताहेत. कोरड्या गधेऱ्यात, ओढ्याच्या घळीत, उतरून कंडाली कापून आणली. पान दिसायला कोवळं लुसलुशीत, अंगाला लागलं की विंचवाची नांगी! भाजी मात्र काय होते हिची — झंगोऱ्याच्या भाताबरोबर घास मोजायचे नाहीत. पण ते राहू दे. जुडी बांधली, बुडख्याला जुनं फडकं गुंडाळलं. सून म्हणाली, "सासूबाई, गुडघे दुखतात ना तुमचे?" म्हटलं, गुडघ्यानं थोडंच मारायचंय!

१० गते

जिंकलो! जिंकलो!!

आम्ही डुंगरीच्या बायका अलीकडून, सौडच्या पलीकडून, मधे गाडेचं, आमच्या छोट्या नदीचं, बारमाही पाणी. तोंडावर मारायचं नाही, मागं हटेल तो गाव हरला. जिंकेल त्याचा उतिसाच्या झाडांखालचा लिंगुड्याचा काठ. नेच्याचे असे वळलेले कोंब दुसरीकडे कुठं मिळतात? हरलेल्यांनी गधेऱ्यात सापडतील ते दोन-चार खुडायचे.

माझ्यासमोर मथुरी. लग्न होऊन आले तेव्हापासून समोर तीच. तिनं माझ्या पोटऱ्या सोलल्या, मी तिचे दंड. टरारून गांधी उठल्या. आणि बया हसते! "एवढंच का गं? सासरी जेवायला घालत नाहीत वाटतं!" मग असा हाणला — शेवाळावरून पाय सटकला तिचा, गेली मागं! नात सुवा काठावर नाचत होती. हिनंच मला अक्षरं शिकवली. म्हणते, "दादी, आता हेही लिही!" लिहिलं.

११ गते

पायांची आग आग. तूप चोळलं. झकास वाटतंय!

२० गते

टोपलीभर लिंगुडा खुडला. लोणचं घातलं. पलीकडून मथुरी ओरडली, "खा गं खा, पोट फुटेल!" तिला दाखवून एक कोंब कच्चाच खाल्ला. कडूजहर! पण गिळला. बघत होती ना.

४ गते, जेठ

भूम्याळ देवा!

आमच्याकडे लख्ख ऊन, आणि वर डोंगरावर ढग फुटला. कोरडा गधेरा फोफावत आला. दगड, चिखल, मुळांसकट उपटलेली निरगुडी — जणू डोंगरच दात खात खाली उतरत होता. गाडेला मिळतो तिथला लिंगुड्याचा काठ खरवडून नेला. उतीस तेवढे उभे राहिले.

सौडच्या बायका ऊर बडवत आल्या. मथुरी गधेऱ्यात होती. कोंब खुडायला. मी जिंकले म्हणून तिथं.

सापडली. उतिसाच्या लाल मुळांनी धरून ठेवली होती तिला, डोकं पाण्याबाहेर. श्वास आहे, बाकी अंग बर्फ. आमचं घर जवळ, चुलीपाशी आणून निजवली. ओली वस्त्रं काढली, घोंगडी घातली, तरी काही नाही. माझी आई गारठलेल्या मेंढपाळांना कंडालीनं झोडायची — रक्त धावतं म्हणायची. मी भाजीला आणलेली ताजी जुडी उचलली. सून माझ्या हाताला लोंबकळली, "सासूबाई, मरत्या बाईला मारता?" तिला ढकललं. तळपाय, पोटऱ्या, दंड. शिव्या घालत मारलं. ऊठ गं रांडे, ऊठ!

एकही गांध उठली नाही.

५ गते

तशीच. माझी बोटं सुजून भोपळा झालीत, अक्षर नीट येत नाही. सौडच्या बायका कंडाली कापून आणतात आणि माझ्याच हातात देतात. मी मारते.

६ गते

सकाळी दंडावर एक गांध उठली. लाल. मग दुसरी. डोळे न उघडताच म्हणाली, "एवढंच का गं?"

काठ तर वाहून गेला. पुढच्या बैसाखात कशावरून भांडायचं, ते दोघी शोधतोय.