दारातली जागा

३ एप्रिल
स्पर्धा सुरू. संकल्प : शांत राहणे. पंचांना शिव्या द्यायच्याच झाल्या तर संस्कृतात. सामना चालू असताना खुर्ची न सोडणे. हा तिसरा गेली एकोणीस वर्षं पाळतोच आहे.
हिची जागा नेहमीचीच. स्वयंपाकघराच्या दारात, उभी. एकोणीस वर्षांपूर्वी शेवटच्या षटकात ही चहा घेऊन दारात आली आणि गेलेला सामना आम्ही जिंकलो. तेव्हापासून पाहतोय : ही दारात असली की विकेट पडत नाही, आत गेली की पडते. शास्त्रात याला अन्वयव्यतिरेक म्हणतात. आमची मुलगी याला छळ म्हणते. तिचा विषय कॉमर्स.

६ एप्रिल
जिंकलो. प्रत्येक गलक्याला हिचं 'काय झालं हो?' चालूच. इतक्या वर्षांत खेळ कळू नये म्हणजे कमाल आहे. माझ्या वर्गात असती तर उभं केलं असतं. उभी आहेच म्हणा.

११ एप्रिल, दुपार
हिचे पाय सुजलेत. चपला होत नाहीत. उन्हाळा आहे, सुजायचेच. जरा बसू का, म्हणाली. मी काही राक्षस नाही. स्टूल घे म्हटलं. तिसऱ्या चेंडूवर कप्तान त्रिफळाचीत. मी नुसतं पाहिलं. ही आपण होऊन उठली. समंजस आहे.

१५ एप्रिल
जिना चढताना हिला धाप लागते. मधल्या पायरीवर बसते. मुलीचा फोन : बाबा, आईला आजच्या आज डॉक्टरकडे न्या. आज कसं? सोमवारी नेतो म्हटलं. सोमवारी सामना नाही.

१९ एप्रिल, सोमवार
रद्द झालेला सामना नेमका आज ठेवला. आयोजकांना लोकांच्या अडचणींची काही पर्वा नाही. डॉक्टर गुरुवारी. नक्की.

२१ एप्रिल
उपांत्य सामना. शेवटची सहा षटकं हिने चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. अखेर खेळात रस आला म्हणायचा. जिंकलो! वळून पाहिलं तर ही खाली बसलेली. आनंदानं, असं वाटलं.

२२ एप्रिल
हॉस्पिटल. हृदय कमजोर, फुप्फुसांत पाणी. (गुरुवारी डॉक्टर म्हटलं होतं, तो शब्द पाळला गेला.) डॉक्टर तरुण आणि आगाऊ. विचारतो, आजी दुकानात कामाला आहेत का? तासन्‌तास उभं राहायचं काम? मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, छे, घरीच असते.

२५ एप्रिल
अंतिम सामना. हिच्यापाशी मुलगी. मी पाचला जायचं ठरलंय. दारात स्टूल ठेवलं, त्यावर हिची शाल.
आठ गडी राखून जिंकलो. करंडक! ही दारात नसताना. शाल हिच्या हजेरीत धरावी की न धरावी यावर बराच विचार केला. धरावी.
बक्षीससमारंभामुळे पोचायला साडेसात झाले. मुलगी पिशवी उचलून खाली गेली. हिने विचारलं, काय झालं हो? जिंकलो म्हटलं. मी नव्हते तरी, म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. दमली असेल.

२८ एप्रिल
ही गेली. सकाळी सहा चाळीस.

१६ मे
मुलगी तिच्या घरी परतली. शाल घेऊन गेली. फ्रीजमध्ये चार डबे आहेत, गरम करून घ्या, म्हणाली. सामन्याच्या मध्ये नको, आधी घ्या, असंही म्हणाली. टोमणा असावा.

२० मे
नवी मालिका. संकल्प नाही.
दहा षटकांत चार बाद. होणारच, दारात कोणी नाही. म्हटलं, आपणच उभं राहावं. एकोणीस वर्षांत प्रथमच चालू सामन्यात खुर्ची सोडली.
दारातून टीव्ही दिसत नाही.
आमच्या लग्नातलं लोखंडी कपाट आड येतं. मान तिरकी करून पाहिली. टाचा उंचावल्या. स्टुलावर चढलो. नाहीच. माझी खुर्ची मात्र पुरती दिसते.
टीव्हीवर गलका झाला.
काय झालं हो, म्हणून मी विचारलं.