फळे कापायच्या सुरीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, धंद्याने शिंपी, गल्लीत टेलरमास्तर म्हणून ओळखला जाणारा, विधुर, पूर्ण शुद्धीत आणि चांगली भूक लागलेली असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. कोणाचाही दबाव नाही. सूनबाईंनी चष्मा शोधून दिला, तेवढीच काय ती मदत. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करत आहे.

१. राहते घर माझ्या पश्चात मुलगा आणि सून या दोघांचे, समान हक्काने. आधीच्या मृत्युपत्रात मी अट घातली होती की, जो रोज फळे व भाज्या कापून घरातल्या सर्वांना खाऊ घालील, त्यालाच घर मिळेल. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "मास्तर, कोर्ट काय काकड्या मोजायला येणार आहे?" तरी मी हट्ट सोडला नव्हता. आता ती अट नाही. का, ते कलम पाचमध्ये.

२. शिलाई मशीन, मोठी कात्री आणि कापायचे टेबल मुलीला. तिचा हात माझ्याहून साफ आहे. हे मी तिला तोंडावर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, लेखी द्या." घे, दिले. काचेचे मोठे भांडेही तिनेच न्यावे आणि त्यात बटणे ठेवावीत. आमच्या घरी त्यात फळे ठेवत. घरच्यांना वाटे ती पाहुण्यांसाठी आहेत, पाहुण्यांना वाटे ती शोभेची आहेत, आणि केळी बिचारी काळी पडत. बँकेतली ठेव दोन्ही मुलांना निम्मी निम्मी.

३. धाकट्या भावाने माझी शिडी "उद्या आणून देतो" म्हणून नेली. तो उद्या अजून उजाडायचा आहे. शिडी त्यालाच दिली असे समजावे, म्हणजे मेल्यावर तरी माझी चडफड थांबेल.

४. शेजारचे फ्रेमवाले. यांनी मला वर्षानुवर्षे ऐकवले, "मास्तर, फळं आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची. धडधाकट माणसांना कसली फळं?" त्यांना मी काहीही ठेवत नाही, फक्त साक्षीदाराची खुर्ची.

५. लाकडी मुठीची सुरी. खरे तर या सुरीसाठीच हा सगळा खटाटोप.

मुलाच्या छातीत कळ आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावले, "गोळ्या घ्याच, पण रोज फळं आणि भाज्याही पोटात गेल्या पाहिजेत." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि भांडे पुन्हा भरून ठेवले. आमच्या माणसांची खोड मला ठाऊक होती. स्वतः उठून कोणी फळ सोलणार नाही, पण फोड हातावर ठेवली तर नाही म्हणणार नाही. म्हणून संध्याकाळी मशीन बंद केले की मी कापायला बसू लागलो. सफरचंद, पपई, गाजर, काकडी, जे असेल ते. मग ताटली घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचे आणि ओरडायचे, "हात पुढे!" नात पांघरुणातून हात काढी. मुलगा फोनवरची नजर न काढता खाई, पण खाई. मला मरणाचे भय नव्हते. मी गेल्यावर ताटली कोण फिरवणार, या काळजीनेच घराची ती अट घातली होती. बाप आधी जातो ही जगरहाटी आहे. ती उलटी होऊ नये, एवढेच मागणे होते.

नंतर माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले. दवाखान्यातून घरी आलो तो भांडे रिकामे. वाटले, आणणेच बंद केले. तसाच जाऊन खाटेवर पडलो. संध्याकाळी पाटावर सुरीची टकटक ऐकू आली आणि दारात मुलगा उभा, हातात ताटली.

"बाबा, हात पुढे!"

फोडी कसल्या, चिंध्याच त्या. एक जाड, एक पातळ.

"अरे, बिया राहिल्यात."

"खाताना काढा. आणि काकडी जरा कडू आहे, पण संपवायची."

आतून सूनबाई म्हणाल्या, "रोज असंच कापतात, बाबा. आम्ही सगळे बिया थुंकायला शिकलोय!"

माझा जीव भांड्यात पडला. हसलो, टाके दुखले, तरी हसलो. कडू काकडी शेवटच्या चकतीपर्यंत खाल्ली.

सबब ही सुरी मुलाला. माझ्या मरणाची वाट पाहू नये, ताबा आजपासूनच त्याचा. काकडीचे टोक कापून घासले की कडूपणा जातो, हे त्याला सांगितले आहे. ऐकेल असे नाही. नाही ऐकले तरी चालेल.

साक्षीदार १: फ्रेमवाले शेजारी (सही). सहीआधी दोन फोडी खाल्ल्या, तिसरी मागून घेतली.
साक्षीदार २: डॉक्टरीणबाई (सही).

स्थळ: माझे कापायचे टेबल.
तारीख: टाके काढले तो शुक्रवार.

सही: टेलरमास्तर.

ता. क. सहीवरचा डाग संत्र्याचा आहे, खाडाखोड समजू नये. सही करतानाच मुलाने हाक मारली आणि मी हात पुढे केला.