माझ्या डोक्यातलं जास्तीचं पाणी

३ फेब्रुवारी
डोकं दुखतंय. तिसरा आठवडा. कारण उघड आहे : शिकाऊ लोक. बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांचा क्लच सोसला की कुणाचंही डोकं उठेल. उपाय : उद्यापासून पहाटे चालणे.

४ फेब्रुवारी
चाललो नाही. डोकं दुखत होतं.

९ फेब्रुवारी
उजव्या कानात सूं सूं असा आवाज, नाडीच्या ठेक्यावर. गाडीचं बेअरिंग गेलं असणार. मेकॅनिकनं चारही चाकं फिरवून पाहिली, म्हणाला, आवाज नाही. गाडी बंद केली तरी मला येत होता. मेकॅनिकनं कान तपासून घ्यायला हवेत.

१४ फेब्रुवारी
बुटाची नाडी बांधायला वाकलो तर दोन्ही डोळ्यांपुढे राखाडी पडदा. भिंत धरून उभा राहिलो, पडदा गेला. बायकोनं नेमकं पाहिलं. तिचं म्हणणं, डॉक्टर. माझं म्हणणं, ॲसिडिटी. संध्याकाळी बिननाडीचे बूट आणले. प्रश्न मिटला.

२० फेब्रुवारी
आज गणिताच्या बाईंचा धडा. या रिटायर झाल्यावर गाडी शिकायला आल्या आहेत. चौकात डावीकडून एक सायकलवाला आला. बाईंनी कचकन ब्रेक दाबला. ब्रेक माझ्या पायाखालीही असतो. मी मुद्दामच वापरला नाही. शिकणाऱ्याचा आत्मविश्वास वाढतो. ही माझी पद्धत आहे. आजपासून.
सायकलवाला बॉनेटपासून हातभर अंतरावर उभा. बघत होता माझ्याकडे, बाईंकडे नाही.
बाईंनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि हळूच विचारलं, "तुम्हाला तो दिसलाच नाही ना?"
मी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. मग किल्ली काढून पर्समध्ये टाकली. टॅक्सीनं परत आलो. ऑफिसात बायको असते; बाईंनी तिला सगळं सांगितलं. पद्धतीचा भाग वगळून.

२१ फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. चष्म्याचा नंबर बदलला असणार, हे मी आधीच सांगून टाकलं. त्यांनी डोळ्यात प्रकाश टाकून बराच वेळ पाहिलं. दोन्ही डोळ्यांमागची नस सुजली आहे. आजच स्कॅन. गाडी चालवणं आजपासून बंद. मेंदूत गाठ आहे का, हे बघायचंय.
जेवण गेलं नाही. आज वजन कमी झालं असेल.

२३ फेब्रुवारी
गाठ नाही. रक्ताची गुठळी नाही. मेव्हण्याला फोन करून सांगितलं, काहीही झालेलं नाही. मग पाठीत सुई घालून मेंदूभोवतीच्या पाण्याचं प्रेशर मोजलं. कवटीतलं प्रेशर जवळजवळ दुप्पट. का? माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. कारण सापडत नाही, हेच या आजाराचं नाव आहे म्हणे. बायकांना जास्त होतो, पुरुषांना झाला तर डोळ्यांना जपावं लागतं. वजन उतरवायला सांगितलंय.
बायको म्हणाली, "तुमच्या डोक्यात काही नाही, असं मी इतकी वर्षं उगाच म्हणत होते." हसलो दोघंही. मग ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ बाहेर आली नाही.

१२ मार्च
पाणी कमी करायच्या गोळ्या चालू. त्यांनी बोटांना मुंग्या. सोडा पत्र्यासारखा लागतो. वजन दोन किलो कमी. काट्यावर मी एका पायावर उभा होतो म्हणून बायको ते धरत नाही. धडे मेव्हणा देतो. तात्पुरतं.

२६ मार्च
नजरेची टेस्ट. एका भांड्यात तोंड घालून बसायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. ठिपके फार कमी लावतात. मी मधूनमधून अंदाजानं दाबत राहिलो. मशीन अंदाज पकडतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.
डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "मला फसवाल. पण डोळा तुमचा जाईल."
टेस्ट पुन्हा. डाव्या डोळ्याची डावीकडची कड गेलीय. गोळ्या पुरत नाहीत.

७ एप्रिल
नसांचे डॉक्टर. तरुण आहे, पण मला गाडीच्या भाषेत सांगितलं. मेंदूभोवती रोज पाणी तयार होतं आणि मोठ्या शिरेतून त्याचा निचरा होतो. माझी शीर उजव्या कानामागे चिमटली आहे, दुमडलेल्या पेट्रोलच्या पाइपसारखी. तिथूनच तो आवाज. मांडीतून बारीक नळी वर नेऊन प्रेशर मोजलं, मला जागं ठेवून. चिमट्याच्या अलीकडे आणि पलीकडे भलताच फरक. तिथे जाळीची नळी बसवायची, स्टेंट. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू. धोके त्यानं एकेक करून सांगितले. मी मान डोलवत होतो. आवाजामुळे अर्धं ऐकू आलं नाही, असं बायकोला सांगितलं.

१५ एप्रिल, संध्याकाळ
उद्या. घाबरलेलो नाही. फक्त मेव्हण्याला सेकंड गिअर कसा अडकतो ते पुन्हा पुन्हा सांगत होतो. शेवटी तो म्हणाला, दाजी, गाडी मी सांभाळतो, तुम्ही बरे होऊन या. "या" म्हणताना त्याचा आवाज फाटला. सर्दी असेल.

१८ एप्रिल
शुद्ध आली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बहिरा झालो. सूं सूं नाही. काहीच नाही. नर्स टॉर्च मारून विचारते, कुठे आहात, किती बोटं. बोटं मोजली. बरोबर आली. बायको कोपऱ्यात उभी होती, तिलाही मोजायला सांगा म्हटलं. रडत होती. स्टेंटच्या बाजूला दुखतंय, काही दिवस दुखणारच म्हणे.

२० मे
नसेची सूज उतरली. डोकं हलकं. उद्याची नजरेची टेस्ट नुसती औपचारिकता. पुढच्या महिन्यापासून मी स्वतः धडे घेणार. नवी पाटी लावायची : "अनुभवी नजर". मेव्हण्याला हळूहळू मोकळं करायचं, त्याचं मन न दुखवता.

२१ मे
अंदाजानं एकदाही बटण दाबलं नाही.
प्रेशर उतरलंय. आता आणखी नुकसान होऊ नये. गेलेली डावीकडची कड परत येणार नाही. स्वतःपुरतं चालवण्याचं सहा महिन्यांनी बघू. दुसऱ्याला शिकवायला शेजारच्या सीटवर बसायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी "तात्पुरतं" हा शब्द वापरला नाही. मी वाट पाहिली.
मेव्हणा धड्यावर होता, म्हणून घरी यायला बस. बस कुठे थांबते, मला माहीत नव्हतं. बायकोला होतं. तिनं माझा हात धरला नाही. नुसती माझ्या उजव्या बाजूनं डाव्या बाजूला आली आणि चालायला लागली.