कुठे कुठे गेला होतात?

४ जानेवारी

तीन महिने मामांना ताप, खोकला; आणि आता फुफ्फुसात डाग! क्षय नाही. सुईने तुकडा काढला, त्यातही कॅन्सर दिसला नाही. पण सर्जन म्हणतात, "कॅन्सर नाहीच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तेवढा भाग काढून टाकू." बारा तारखेला ऑपरेशन. सत्तरी ओलांडलेला माणूस, सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबतोय. मला भीती वाटते. आईबाबांमागे यांनीच मला वाढवलं, स्वतःचा संसार मांडायचा राहूनच गेला.

५ जानेवारी

प्रयोगशाळेत मी सगळ्यांच्या डोक्यात एकच भरवत असते — सूक्ष्मदर्शकाखालची काच नंतर बघा, आधी पेशंट कुठे कुठे गेला होता ते विचारा. बुरशीला पत्ता असतो. आमच्या भागातली एक वटवाघळांच्या विष्ठेत वाढते, श्वासातून आत शिरते आणि क्षयाचं नाहीतर कॅन्सरचं सोंग आणते.

मामांनाही विचारलं. "कुठे जाणार मी, ठमे? बाग, वाचनालय, घर." नजर मात्र वर. जन्मभर बस चालवली, अजूनही अडचणीत आले की आरशात बघितल्यासारखे वर बघतात. पत्त्यांचा अड्डा असेल, दुसरं काय!

६ जानेवारी

जेवण गेलं नाही.

७ जानेवारी

गॅलरीतले गुलाब दोन वर्षं ढिम्म होते. हल्ली नुसते लगडलेत. रोजच्यासारखी माती उकरताना आज हात थांबला — काळं, भुसभुशीत, उग्र वासाचं काहीतरी.

"मामा, हे खत कुठलं?"

पुन्हा नजर वर. मग, "बागेमागच्या बंद गोदामाच्या माळ्यावरचं. वटवाघळांचं. तूच म्हणालीस ना, गुलाब रुसलेत. सांगितलं असतं तर ओरडली असतीस."

ओरडलेच. मग गळ्यात पडून रडले.

८ जानेवारी

उरलेला तुकडा मागवून बुरशीसाठी रंगवला. सापडली! पेशींत दाटीवाटीने बसलेले इवलेसे गोल. सर्जनना फोन केला. बारा तारीख रद्द. किती महिन्यांनी गाढ झोपेन आज.

९ जानेवारी

गोळ्या सुरू. भरल्या पोटीच घ्यायच्या, वर्षभर तरी. मामा म्हणतात, "एवढ्याशा किड्याला एवढा मान?" तोंडाला मास्क लावून कुंड्या भिजवल्या, माती पिशव्यांत बांधली. गुलाब गेले. मामा दाराआडून बघत होते, चेहरा एवढासा.

२० जानेवारी

मामांचा ताप उतरला. दुसऱ्यांदा भात मागितला. शीळसुद्धा घालतात, बेसूर. घालू देत.

२३ जानेवारी

काल रात्रीपासून ताप आणि कोरडा खोकला. मला. मामा उशाशी स्टूल ओढून बसलेत, मांडीवर त्यांच्या गोळ्यांची डबी.

"ठमे, कुठे कुठे गेली होतीस?"

"कुठेच नाही. रोज सकाळी गुलाबांची माती उकरत होते."