मीही पाहिला

प्रिय छोटे,

थंडी पडली आणि खाडीवर पाहुणे पक्षी उतरले. ओहोटीला तुतवार इतके दाटतात, की चिखलच चालायला लागल्यासारखा वाटतो. बाबाही गेल्या आठवड्यापर्यंत येत होते. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर तू विणलेली कानटोपी. एकदा तर दुर्बिणीची झाकणं न काढताच ते कितीतरी वेळ बघत बसले होते. जन्मभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलेला माणूस आता समोरचा कप चाचपून उचलतो. विचारलं तर म्हणतो, "आज जरा धुकं आहे गं."

आमच्या पक्षिनिरीक्षण मंडळाचा नियम तुला ठाऊकच आहे. एकट्याने पाहिलेला पक्षी नोंदीत धरत नाहीत, दुसऱ्यालाही दिसला पाहिजे. नवखं माणूस आनंदाने ओरडतं, बाकीचे वळेपर्यंत पाखरू भुर्र! मग बाबा पुढे होतात. "हो, मीही पाहिला." कुणाचा हिरमोड होऊ नये, एवढंच. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय.

गेल्या आठवड्यात तुझा नवरा कामानिमित्त इकडे आला, तेव्हा तोही खाडीवर आला. खारफुटीत अडकलेल्या एका पांढऱ्या पिशवीकडे बोट करून ओरडला, "बाबा, चमच्या! लवकर बघा!" बाबांनी दुर्बीण लावली. "हो हो, दिसला." "काय करतोय?" "चोच फिरवतोय ना पाण्यात, अशी." बाबांनी मनगट फिरवून दाखवलं. "आणि आता?" "आता मान वर केली." बँकेतल्या बाई, दातांचे डॉक्टर, मंडळातले सगळे तोंडावर हात धरून उभे. मी चिखलातून बाबांपर्यंत पोचेतो जावईबापूंचं मोबाईलवर टिपून झालं होतं. "अहो बाबा, पिशवी आहे ती दुकानातली!" मग काय, हशा पिकला. बाबाही हसले. सगळे गप्प झाले तरी ते एकटे हसतच होते.

तेव्हापासून दुर्बीण कपाटात आहे.

त्याच संध्याकाळी तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला. खाली तू डोळ्यांत पाणी येईस्तो हसणारे चेहरे टाकलेस आणि लिहिलंस, "अगं बाई, आपले बाबा म्हणजे ना!" मोबाईल वाजला तसं बाबांनी विचारलं, "छोटीने काय लिहिलंय?" मी म्हटलं, भडकलीय ती. नवऱ्याशी बोलणंच टाकलंय. दिवसभर आवळून धरलेला त्यांचा चेहरा तेवढ्यात सैल झाला. रात्री दोन घास जास्त जेवले.

पण आता त्यांना तुझाच घोर लागलाय. "माझ्यापायी पोरीने संसारात विष कालवू नये. गंमतच केली बिचाऱ्याने." रविवारी ते तुझी समजूत घालायला फोन करणार आहेत. काय काय बोलायचं, ते माझ्यासमोर दोनदा म्हणूनही झालंय. मीच तुला फोन केला असता, पण डोळे गेल्यापासून त्यांचे कान फार तिखट झालेत. मेसेज करावा, तर तुझा मोबाईल तुझ्या नवऱ्याच्याही हाती असतो. म्हणून हे पत्र. रविवारी ते समजावतील तेव्हा लगेच ऐकू नकोस, छोटे. थोडा वेळ तरी चिडलेली राहा.

तुझीच,
ताई